दोन संगणक बसवूनही स्वयंचलित गाडी एकाच क्षणी बंद पडली: दुहेरी काय करावे आणि काय नको?

कॅम्पस_गाडी

नमस्कार. आम्ही पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी आहोत. प्रवेशद्वारापासून वसतिगृहापर्यंतच्या सुमारे नऊशे मीटरच्या रस्त्यावर चालणारी आठ आसनी इलेक्ट्रिक गाडी स्वयंचलित करण्याचा प्रकल्प आम्ही गेले दीड वर्ष करीत आहोत. गाडी मूळची गोल्फ कार्ट प्रकारातली असून तिच्यात सोळा सेलची ४८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि मागच्या चाकांना इंडक्शन मोटर आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावर आम्ही गिअरबॉक्ससह एक मोटर बसवली आहे आणि ब्रेकचे पेडल ओढण्यासाठी एक लिनिअर अ‍ॅक्च्युएटर लावला आहे. ही दोन्ही यंत्रे आणि दोन्ही संगणक १२ व्होल्टवर चालतात आणि ते १२ व्होल्ट मुख्य बॅटरीवरून एका डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत येतात. कमाल वेग आम्ही ताशी १५ किलोमीटरवर बांधून ठेवला आहे.

दोन संगणक ठेवण्यामागचा विचार सरळ होता. एक बंद पडला तर दुसऱ्याने ताबा घ्यावा, म्हणून दोघांवर एकच प्रोग्राम चालू असतो. प्रयोगशाळेत एकाचा प्लग काढला की दुसरा विनातक्रार काम पुढे नेत असे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

ऑगस्टमधल्या एका रिमझिम दुपारी ग्रंथालयाच्या उतारावर डावीकडे वळताना दोन्ही संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. त्यांना पूर्ण सुरू व्हायला चाळीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात स्टिअरिंग वळलेल्या स्थितीतच अडकून राहिले आणि ब्रेक लागलाच नाही, कारण आमच्या अ‍ॅक्च्युएटरला ब्रेक लावण्यासाठी वीज लागते. चालकाच्या जागी बसलेल्या आमच्या मित्राने स्टिअरिंग हाताने फिरवण्याचा प्रयत्न केला, परंतु गिअरबॉक्समुळे ते हलेना. शेवटी त्याने हँडब्रेक ओढला आणि गाडी जास्वंदीच्या वाफ्यात जाऊन थांबली. कोणालाही इजा झाली नाही.

नंतर गाडी खडबडीत सिमेंटवर उभी ठेवून आम्ही स्टिअरिंग पूर्ण टोकापर्यंत फिरवले, तेव्हा १२ व्होल्टची लाइन क्षणभर ८ व्होल्टच्याही खाली जाताना ऑसिलोस्कोपवर दिसली. म्हणजे कारण सापडले आहे, पण उपायावर एकमत होत नाही. आमच्या मार्गदर्शक सरांच्या मते तिसरा संगणक बसवून तिघांत बहुमताने निर्णय घ्यावा. गटातील निम्म्या जणांना स्टिअरिंगला दुसरी मोटर हवी आहे. हाताशी साधारण साठ हजार रुपये उरले आहेत आणि दोन्ही गोष्टी होणार नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिंजवडीकर

मी गेली अकरा वर्षे वाहनांच्या फंक्शनल सेफ्टीचे, म्हणजे बिघाड झाला तरी वाहन धोकादायक होऊ नये यासाठीचे, काम करतो. माझे मत आधीच सांगतो: तिसरा संगणकही नको आणि दुसरी स्टिअरिंग मोटरही नको. तुमचे दोन संगणक हे दोन नव्हतेच. एकाच कन्व्हर्टरवर जगणारे, एकच प्रोग्राम चालवणारे आणि बहुधा एकाच बोल्टवर अर्थ केलेले (म्हणजे विजेची परतीची तार चासिसला जोडलेले) दोन डबे हे बिघाडाच्या दृष्टीने एकच यंत्र असते. तिसरा डबा त्याच लाइनवर जोडला असता, तर त्या दुपारी तिघांनीही एकमताने मान टाकली असती.

हे थोडे आकड्यांत पाहू या. समजा, एक संगणक सरासरी एक लाख तासांत एकदा बंद पडतो. दोन संगणक खरोखर स्वतंत्र असतील, तर दोघेही एकाच तासात बंद पडण्याची शक्यता एक हजार कोटी तासांत एकदा, इतकी क्षुल्लक होते. पण पन्नासातला एक बिघाड जरी दोघांना सामाईक कारणाने होत असेल, तरी दोघे एकदम बंद पडण्याचे प्रमाण पन्नास लाख तासांत एकदा इतके वर चढते. म्हणजे कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष गाडी दोन हजार पटींनी वाईट निघते, आणि हे अवघ्या दोन टक्क्यांच्या सामाईकपणामुळे. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेबाबतच्या आयएसओ २६२६२ या मानकात सर्वांत कडक, म्हणजे एसिल-डी या श्रेणीला, यादृच्छिक बिघाडांमुळे सुरक्षा-उद्दिष्टाचा भंग होण्याचे प्रमाण दहा कोटी तासांत एकदा याहून कमी असावे, असे लक्ष्य दिलेले आहे. पन्नास लाख आणि दहा कोटी यांतली दरी आणखी डबे जोडून भरत नाही. सामाईक कारणे शोधून एकेक तोडल्यानेच ती भरते.

याचे सर्वांत महागडे उदाहरण ४ जून १९९६ रोजी घडले. एरियन ५ या अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात दिशा मोजणाऱ्या दोन यंत्रणा होत्या, एक मुख्य आणि एक पर्यायी, आणि दोघींवर प्रोग्राम एकच होता. ६४ बिटांतील एक संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही, त्यामुळे आधी पर्यायी यंत्रणा बंद पडली आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मुख्य यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत अग्निबाणाचे तुकडे झाले. तिथे यंत्रणांत कोणताही भाग तुटला नव्हता. दोघींनी एकच चूक एकाच निष्ठेने केली होती.

आता ‘काय दुहेरी करावे’ या प्रश्नाकडे येतो. प्रत्येक यंत्राबाबत आधी हे विचारा की, ते मेले तर गाडीला सुरक्षित होण्यासाठी त्याची किती वेळ गरज राहते? ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतक्या बेताच्या ब्रेकिंगने तुमची गाडी साधारण तीन मीटरांत आणि दीड सेकंदाच्या आत थांबते. तेवढ्या अंतरात स्टिअरिंग आहे त्या स्थितीत राहिले, तरी गाडी रस्त्याबाहेर फारशी जात नाही. हाच हिशेब ताशी ८० किलोमीटरला मांडला, तर त्याच ब्रेकिंगने थांबायला ८२ मीटर आणि सात सेकंदांहून अधिक वेळ लागतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये सात सेकंद स्टिअरिंगविना राहणे म्हणजे अपघातच. म्हणून महामार्गावरच्या स्वयंचलित गाडीत स्टिअरिंगच्या मोटरमध्ये वाइंडिंगचे (तारेच्या गुंडाळ्यांचे) दोन संच, दोन इन्व्हर्टर (मोटरला वीज पुरवणारे नियंत्रक) आणि दोन वीजपुरवठे देतात, जेणेकरून अर्धा भाग मेला तरी अर्धा जोर उरतो. तुमच्या वेगाला त्या खर्चाची गरज नाही. तुम्हाला गरज आहे ती न चुकता लागणाऱ्या ब्रेकची, आणि नेमका तोच तुम्ही उलटा बसवला आहे.

ब्रेक स्प्रिंगने लागला पाहिजे आणि विजेने सुटला पाहिजे. आपल्या एसटीच्या आणि ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्ये हेच तत्त्व आहे: हवेचा दाब स्प्रिंगला दाबून धरतो, हवा गेली की स्प्रिंग मोकळी होऊन चाके धरते. वीज जाणे, तार तुटणे, फ्यूज उडणे, संगणक गोठणे या सगळ्यांचे उत्तर मग एकच होते, आणि त्यासाठी कोणालाही विचार करावा लागत नाही. मोटरच्या शाफ्टवर बसणारे असे विद्युतचुंबकीय ब्रेक मिळतात. साठ हजारांतला पहिला खर्च तिथे करा.

दुसरा खर्च अगदी किरकोळ आहे. एक छोटा मायक्रोकंट्रोलर वेगळ्या पुरवठ्यावर ठेवा. मुख्य संगणकाने त्याला दर ५० मिलिसेकंदांनी खालीवर होणारा सिग्नल पाठवत राहायचा आणि तो थांबला की मायक्रोकंट्रोलरने ब्रेकची वीज तोडायची. सिग्नल खालीवर होणाराच हवा. ‘ठीक आहे’ असे सांगणारा स्थिर ५ व्होल्टचा सिग्नल ठेवला आणि ती तार पुरवठ्याच्या तारेला चिकटली, तर मेलेला संगणकही कायम ठणठणीत दिसेल. बोइंग ७७७ मध्ये उड्डाण-नियंत्रणाच्या तिन्ही संगणकांत प्रत्येकी तीन वेगवेगळ्या बनावटींचे प्रोसेसर बसवले आहेत. तेवढी ऐपत कोणत्याही महाविद्यालयाची नसते, पण तीनशे ओळींचा, दुसऱ्याच माणसाने लिहिलेला प्रोग्राम एका स्वस्त चिपवर चालवणे हीसुद्धा त्याच जातीची भिन्नता आहे.

भिन्नता किती स्वस्तात साधते, हे पाहायचे असेल तर कोणत्याही आधुनिक मोटारीचे अ‍ॅक्सिलरेटर पेडल उघडून पाहा. त्यात दोन सेन्सर असतात, पण अनेक बनावटींत दुसऱ्याचा व्होल्टेज मुद्दाम पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो. पहिला ३ व्होल्ट सांगत असेल तर दुसऱ्याने दीड सांगायला हवा. दोन्ही तारा घासून एकमेकींना चिकटल्या तर दोन्ही सेन्सर सारखाच आकडा सांगू लागतात, दुपटीचे नाते मोडते आणि कंट्रोलरला लबाडी तत्काळ कळते. दोन्ही सेन्सर तंतोतंत सारखे ठेवले असते, तर त्या चिकटलेल्या तारा त्याला पूर्ण सहमतीसारख्या दिसल्या असत्या.

भोसरी_वायरिंग

वरच्या सरांनी विचाराची बाजू नीट मांडली आहे, मी हाताची बाजू मांडतो. मी वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, त्याआधी नऊ वर्षे गॅरेजमध्ये ऑटो-इलेक्ट्रिशियन होतो. माझ्या अनुभवात मेलेल्या म्हणून माझ्याकडे आणलेल्या कंट्रोलरांपैकी बरेचसे मेलेले नसतात. जोड मेलेला असतो.

तुम्ही १२ व्होल्टची लाइन ८ च्या खाली गेलेली पाहिली, पण ती कुठे मोजली हे लिहिलेले नाही. कन्व्हर्टरच्या तोंडाशी मोजली की संगणकाच्या प्लगवर? हा फरक महत्त्वाचा आहे. मोटर जोर लावत असताना मल्टीमीटरची एक काडी कन्व्हर्टरच्या ऋण टोकावर आणि दुसरी संगणकाच्या ऋण पिनवर ठेवा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष कन्व्हर्टरचा नसून अर्थच्या वाटेचा आहे, आणि नवा मोठा कन्व्हर्टर आणूनही गाडी पुन्हा वाफ्यात जाईल. माझा अंदाज असा आहे की सगळ्या काळ्या तारा एकाच बोल्टखाली एकावर एक लग (तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्या) रचून आवळलेल्या असतील आणि त्या बोल्टखालचा रंग खरवडलेला नसेल. स्टिअरिंग मोटरची परतीची तार आणि संगणकाची परतीची तार कधीही एका बोल्टवर घेऊ नयेत, कारण मोटरचा करंट त्या जोडातून जाताना जो व्होल्टेज पडतो, तो संगणकाच्या वाट्यालाही येतो.

पावसाळ्याबद्दल तीन गोष्टी. कनेक्टर रबरी सीलचे घ्यावेत आणि रिकाम्या राहिलेल्या पिनांच्या भोकांत बुचे बसवावीत, कारण पाणी नेहमी त्या रिकाम्या भोकातूनच शिरते. डब्यात शिरण्याआधी तारेला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, डब्यात जात नाही. आणि कनेक्टरपासून काही अंतरावर तार चासिसला बांधावी. ती लोंबत राहिली तर खड्ड्यांच्या हादऱ्याने पिना सूक्ष्म घासत राहतात, त्यावरचा कथलाचा थर झिजतो, काळी भुकटी जमते आणि जोड कधी लागतो, कधी सुटतो. असा जोड तपासायला गेलात की हात लावताच बरा होतो आणि तुम्ही निघून गेलात की पुन्हा रुसतो. (वसतिगृहाजवळ गाडी रात्री उभी राहत असेल तर उंदरांचाही बंदोबस्त करावा. हे मी विनोदाने लिहीत नाही.)

शेवटचे म्हणजे, प्रयोगशाळेत तुम्ही संगणकाचा प्लग काढून पाहिलात, तो उपचार पुरेसा नाही. सगळ्या फ्यूजांची यादी करा आणि गाडी चालू असताना, रिकाम्या मैदानात, एकेक फ्यूज काढून काय होते ते लिहा. मग एकेक कनेक्टर काढा. जिथे काय होईल हे आधी सांगता आले नाही, तिथे तुमचा पुढचा अपघात आहे.

कॅम्पस_गाडी

भोसरीच्या सरांना: आपला अंदाज खरा ठरला. आज सकाळी बोल्ट उघडला, त्याखाली पाच लग होते आणि रंग शाबूत होता. मोटर टोकाला जोर लावत असताना आपण सांगितलेल्या दोन बिंदूंमध्ये २.१ व्होल्ट आढळले. कन्व्हर्टर निम्मा दोषी निघाला, निम्मा दोष आमच्या पान्याचा.

हिंजवडीकर सरांना एक शंका आहे. स्प्रिंगने लागणारा ब्रेक अकस्मात पूर्ण जोराने लागला आणि रस्ता ओला असला, तर मागची चाके लॉक होऊन गाडी घसरणार नाही का? शिवाय आमची आसने उघडी आहेत आणि प्रवाशांना पट्टे नाहीत.

सेल_मोजणारी

ब्रेकच्या शंकेचे उत्तर सर देतीलच. मी बॅटरीवर काम करते, म्हणून कोणीही न विचारलेला प्रश्न विचारते: तुमचे बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) डिस्चार्ज, म्हणजे बॅटरीतून बाहेर जाणारी वीज, तोडते, तेव्हा ते कोणाला सांगून तोडते का?

बॅटरीचे रक्षण करणारी यंत्रणा आणि गाडीचे रक्षण करणारी यंत्रणा यांचे हित प्रत्येक क्षणी एक नसते. एखादा सेल किमान व्होल्टेजच्या खाली गेला किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, की बीएमएस आपले कर्तव्य म्हणून पुरवठा तोडते. गाडी त्या वेळी वळणावर आहे की उतारावर, हे त्याच्या गावी नसते. मुख्य पुरवठा गेला की तुमचा कन्व्हर्टर गेला, कन्व्हर्टर गेला की १२ व्होल्ट गेले, आणि त्याबरोबर स्टिअरिंग, संगणक, ब्रेक, सगळेच गेले. पेट्रोलच्या गाडीत इंजिन बंद पडले तरी १२ व्होल्टची बॅटरी उरते. तुमच्या गाडीत तीही नाही. तुमच्या अर्थच्या बोल्टइतकेच हे सामाईक कारण आहे, फक्त ते अजून घडलेले नाही.

यावर दोन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, एक छोटी स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी घ्या आणि कन्व्हर्टर व ती बॅटरी या दोन्ही वाटा डायोडमार्फत (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागामार्फत) संगणकापर्यंत आणा, जेणेकरून एकीकडे शॉर्ट झाले तरी दुसरी तिच्याबरोबर बुडणार नाही. दोन पुरवठे नुसते समांतर जोडणे ही नेहमीची चूक आहे: एका शाखेतला शॉर्ट दोघांचाही व्होल्टेज खाली ओढतो आणि वितळणारा फ्यूज उडेपर्यंत दोन्ही संगणक गेलेले असतात. म्हणूनच मोठ्या गाड्यांत दोन शाखांच्या मध्ये मॉस्फेटचा अतिजलद इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. दुसरी गोष्ट, बीएमएस तोडण्याआधी इशारा देईल असे पाहा. बहुतेक बीएमएस प्रत्येक सेलचा व्होल्टेज कॅन किंवा सिरियल या माहितीच्या लाइनवर सांगत असतात. तोडण्याच्या मर्यादेच्या पुरेसे आधी, समजा सेल ३ व्होल्टवर आला असतानाच, संगणकाने स्वतः गाडी कडेला घेऊन थांबवावी.

आणि ती छोटी बॅटरी रोज सकाळी भार टाकून तपासा. नुसता व्होल्टेज पाहू नका, मरू घातलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरीही भाराविना साडेबारा व्होल्ट दाखवते. कधीच वापरली न जाणारी पर्यायी वस्तू कोणाच्याही नकळत मरते आणि पर्याय आहे या समजुतीने आपण गाडी चालवत राहतो. मानकांत अशा सुप्त दोषांचे वेगळे मोजमाप आहे आणि एसिल-डीसाठी किमान नव्वद टक्के दोष सुप्त राहता कामा नयेत, अशी अपेक्षा आहे.

जाता जाता मोठ्या गाड्यांबद्दलही सांगते. २०१८ च्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २० मध्ये अशी अपेक्षा आहे की, एका सेलमधील अतिउष्णतेने आग पसरण्याचा धोका प्रवासी कक्षापर्यंत पोहोचण्याआधी किमान पाच मिनिटे इशारा मिळावा. माणूस चालवत असेल तर तो इशारा ऐकून कडेला थांबतो आणि उतरतो. चालकच नसलेल्या गाडीत ती पाच मिनिटे कोणी वापरायची? अशा वेळी बॅटरीने पुरवठा लगेच तोडला तर गाडी पुलावर किंवा बोगद्यात अडकेल, आणि न तोडता चालू ठेवला तर धोका वाढेल. म्हणून पुरवठा तोडण्याचा निर्णय एकट्या बीएमएसच्या हाती ठेवता येत नाही.

हिंजवडीकर

ताईंचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. बीएमएसकडे मी गाडीचा भाग म्हणून पाहिलेच नव्हते.

ब्रेकच्या शंकेबद्दल: शंका योग्य आहे. ब्रेक निवडताना त्याचा जोर गाडीच्या भरलेल्या वजनाला ३ मीटर प्रतिसेकंद वर्गापर्यंतच मिळेल असा निवडा, चाक लॉक होईल इतका मोठा घेऊ नका. शाफ्टवरचा ब्रेक गिअरच्या पटीने चाकाशी वाढतो, हे हिशेबात धरा. आणि तो रोज थांबण्यासाठी वापरू नका, रोजचे थांबणे अ‍ॅक्च्युएटरनेच करा.

मोटर बंद कशी करणार याचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, त्यामुळे एक इशारा देतो. ब्रेकची वीज तोडताना त्याच क्षणी मुख्य कॉन्टॅक्टर (बॅटरीचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच) उघडू नका. उतारावर मोटर बॅटरीला वीज परत देत असेल आणि वाट एकदम तुटली, तर ती ऊर्जा कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये साचून व्होल्टेज उसळतो आणि कंट्रोलर जळू शकतो. आधी मोटरला शून्य जोराची आज्ञा द्या, काही शे मिलिसेकंदांनी कॉन्टॅक्टर उघडा. तुमची मोटर इंडक्शन आहे हे एका परीने बरे, कंट्रोलर मेला की ती नुसती मोकळी फिरते. कायमचुंबकाच्या मोटरला वेगात असताना मोकळे सोडले तर ती जनित्र बनून बॅटरीकडे वीज ढकलू लागते आणि मागच्या चाकांना नको असलेला ब्रेक लागतो. त्यासाठी इन्व्हर्टरला तिन्ही फेज मुद्दाम शॉर्ट कराव्या लागतात, आणि तोही उपाय कमी वेगाला झटका देतो. इलेक्ट्रिक गाडीत ‘बंद करा’ ही एक आज्ञा नसून एक क्रम असतो.

घाट_आणि_ब्रेक

मी व्यावसायिक वाहनांच्या ब्रेकवर तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. चर्चा चांगली चालली आहे, परंतु हिंजवडीकरांच्या मांडणीत मला एक धोका दिसतो. ‘बिघाड झाला की थांबवा’ हे कॅम्पसमध्ये चालते. ही मुले उद्या नोकरीला लागतील आणि हेच तत्त्व महामार्गावर नेतील, म्हणून लिहितो.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता पुण्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. तिथे मधल्या लेनमध्ये अकस्मात थांबलेली गाडी सुरक्षित झालेली नसते, मागून ब्रेक तापलेला ट्रक येत असतो. म्हणून स्वयंचलनाच्या पातळ्या ठरवणाऱ्या एसएई जे३०१६ या दस्तऐवजात ‘थांबणे’ असा शब्द नसून ‘किमान जोखमीची स्थिती’ असा आहे, आणि चौथ्या पातळीपासून, म्हणजे चालकावर विसंबून नसलेल्या गाडीपासून, ती गाठण्याची जबाबदारी गाडीची आहे. तिसऱ्या पातळीला माणसाला हाक मारता येते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमन १५७ मध्ये त्या हाकेनंतर चालकाला ताबा घेण्यासाठी साधारण दहा सेकंद दिले आहेत. ती दहा सेकंदे गाडीने, बिघाड झालेल्या अवस्थेत, स्वतःच काढायची असतात. त्यामुळे तिथे अर्ध्या जोराने का होईना, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही चालू राहिलेच पाहिजेत.

विद्यार्थ्यांना माझा प्रश्न वेगळाच आहे. तुमचा चालक स्टिअरिंग फिरवू शकला नाही, हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. मला त्या दुपारची सर्वांत गंभीर गोष्ट तीच वाटते. वर्म गिअर असेल तर तो बहुतेकदा मोटरच्या बाजूनेच फिरतो, चाकाकडून किंवा हाताकडून उलटा फिरत नाही. म्हणजे तुम्ही माणसाला पर्याय म्हणून बसवलेत आणि त्याचे हात बांधून ठेवलेत. २०१३ साली आलेल्या इन्फिनिटी क्यू५० या मोटारीत स्टिअरिंग तारेवर चालत असे, पण बिघाड झाला की एक क्लच जुळून दांड्याचा यांत्रिक जोड पूर्ववत होई. तुमची गरज याच्या उलट आहे: वीज गेली की सुटणारा विद्युतचुंबकीय क्लच मोटर आणि दांडा यांच्या मध्ये बसवा. तो काही हजारांत मिळावा. तो बसेपर्यंत गाडीत प्रवासी बसवू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो.

कॅम्पस_गाडी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले केल्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

क्लच बसला आहे आणि वीज बंद असताना स्टिअरिंग आता एका हाताने फिरते. मोटरच्या शाफ्टवर स्प्रिंगचा ब्रेक आहे. पाच प्रवाशांच्या वजनाची वाळूची पोती ठेवून ताशी १५ किलोमीटरला, ओल्या रस्त्यावर, गाडी ३.४ मीटरांत थांबली आणि चाके लॉक झाली नाहीत. परतीच्या तारांना तीन वेगळे बोल्ट दिले, २.१ व्होल्टच्या जागी आता ०.०८ व्होल्ट दिसतात. छोटी बॅटरी डायोडमार्फत जोडली असून गाडी सुरू होताना तिच्यावर दहा सेकंद भार टाकला जातो, व्होल्टेज टिकला नाही तर गाडी हलतच नाही. दुसरा संगणक आम्ही काढून टाकला.

मग भोसरीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे मैदानात फ्यूज काढायला सुरुवात केली. एकूण चौदा फ्यूज आहेत. आधी कागदावर प्रत्येकाचा परिणाम लिहिला आणि मगच फ्यूज काढला. अकरा अंदाज बरोबर आले. दोन चुकले, पण गाडी थांबलीच. चौदावा फ्यूज लिडारचा, म्हणजे लेझरने समोरचा रस्ता पाहणाऱ्या सेन्सरचा, होता. आमचा अंदाज होता की गाडी लगेच थांबेल. प्रत्यक्षात ती चालतच राहिली, कारण लिडारकडून नवी माहिती येणे थांबल्यावर प्रोग्राम शेवटची आलेली माहितीच पुन्हा पुन्हा वाचत होता आणि त्या शेवटच्या चित्रात समोरचा रस्ता मोकळा होता. खालीवर होणारा सिग्नलही व्यवस्थित जात होता, कारण संगणक ठणठणीत होता, फक्त आंधळा झाला होता. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मित्राने आपत्कालीन बटण दाबून गाडी थांबवली.

हिंजवडीकर

हे सापडले हे फार चांगले झाले. प्रत्येक सेन्सरच्या माहितीवर तिच्या मोजमापाची वेळ आणि चढता क्रमांक घाला. वेळ २०० मिलिसेकंदांपेक्षा जुनी असेल किंवा क्रमांक पुढे सरकला नसेल, तर ती माहिती नाहीच असे समजा. आणि संगणकाने खालीवरचा सिग्नल नुसत्या टायमरवरून पाठवू नये. ताजी माहिती आली, तिच्यावरून मार्ग ठरला आणि आज्ञा गेली, हे पूर्ण चक्र झाल्यानंतरच पाठवावा.

भोसरी_वायरिंग

आणि यानंतर चौदाही फ्यूज पुन्हा पहिल्यापासून काढावेत. प्रोग्राम बदलला आहे, त्यामुळे आधीचे अकरा बरोबर होते हे आता धरून चालता येणार नाही. बटण दाबणाऱ्या मित्रालाही मैदानात उभे ठेवावे.